ऋ ऋषीचा, ऋजुताचा नव्हे

मंगळवारी दोन जुड्या मेथी आणि पाव किलो मिरच्या घेतल्या आणि फोनवरून पैसे पाठवायला गेले, तर पैसे जाईनात. तीनदा केलं. भाजीवाला माझ्याकडे न बघता शेपू झटकत उभा राहिला, म्हणजे बघतच होता. मेथी परत केली. मिरच्या त्याने "राहू द्या ताई, नंतर द्या" म्हणून पिशवीत टाकल्या. मेथी गेल्यापेक्षा मला त्या मिरच्या जास्त झोंबल्या.

बँकेत गेल्यावर कळलं की खातं थांबवलंय. कारण काय, तर माझं नाव माझ्या नावाशी जुळत नाही.

आधारवर मी आर-यू-जे-यू. पॅनवर आर-आय-जे-यू, कारण बाबा रेल्वेत होते, माझी पहिली-दुसरी मध्य प्रदेशात इटारसीला झाली आणि तिकडच्या शाळेने दाखल्यावर 'रिजुता' लिहिलं. त्यांचंही चूक नाही. आपला अमृत तिकडे अम्रित होतो, आपली कृपा क्रिपा होते. दाखल्यावरून मार्कशीट, मार्कशीटवरून पॅन, असं ते माझ्यामागे घरापर्यंत आलं. आणि बँकेच्या पासबुकावर आर-यू बरोबर, पण पुढे टीला एक फुकटचा एच चिकटवलेला. रुजुथा. जणू मी केरळातल्या पालक्काडहून आलेय.

"ऋतुजा मॅडम," काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "यातल्या नक्की तुम्ही कोण?"

"ऋजुता."

"तेच म्हटलं मी."

नाही म्हटलं! पण हे भांडण मी सदतीस वर्षं हरत आलेय, त्यामुळे गप्प बसले. महिना नोव्हेंबरचा. म्हणजे बँकेत निम्मी गर्दी हयातीचा दाखला द्यायला आलेल्या पेन्शनरांची. माझ्या मागेही एक हाफ स्वेटरवाले गृहस्थ प्लास्टिकची फाइल छातीशी धरून उभे होते. ते आपण जिवंत आहोत हे सिद्ध करायला आले होते आणि पुढच्या पंचवीस मिनिटांत त्यांनी ते अंगठा न लावताच सिद्ध केलं.

"ऋजोः भावः ऋजुता!" ते मागून कडाडले. "तस्य भावस्त्वतलौ! पाणिनी, पाचवा अध्याय. वा! कोणी ठेवलं नाव?"

"बाबांनी."

"अर्थ ठाऊक आहे?"

"साधेपणा," मी म्हटलं.

"सरळपणा! साधं वेगळं, सरळ वेगळं. साधा तर काय, वरणभातही असतो." मग आवाज खाली आणून, डॉक्टर रिपोर्ट सांगतात तसं, "आणि बाळ, तुझा उच्चार चुकतोय."

"कशाचा?"

"तुझ्या नावाचा. तू 'रु' म्हणतेस. 'रु' नव्हे. 'रि' तर नव्हेच नव्हे. ऋ हा स्वर आहे, स्वर! ऋटुरषाणां मूर्धा. म्हणजे मूर्धन्य. जीभ वर न्यायची. दातांकडे नाही, वर, माथ्याकडे. ही बघ." आणि त्यांनी भर बँकेत आ केला.

कवळी जरा ढिली होती. तिच्यामागे जीभ माथ्याच्या शोधात निघालेली दिसत होती. आतून जो आवाज आला तो कुकरची शिट्टी व्हायच्या आधी होतो तसा होता. लाजेकाजेस्तव मीही आ केला. मागच्या एका आजींनीही केला. त्यांच्या मागचे काका बहुधा कमी ऐकू येणारे असावेत, त्यांना वाटलं दातांची तपासणी चाललीय. त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि आ केला.

"सर, मग स्पेलिंग काय टाकू?" काउंटरवरच्या मुलाने विचारलं. या स्वेटरवाल्या गुरुजींना आजवर कोणी इतका थेट प्रश्न विचारला नसावा.

"रोमन लिपीत हा वर्ण नाही. आर लिहायचा आणि त्याच्या पायाशी टिंब द्यायचं."

"सिस्टिम टिंब घेत नाही."

"मग सिस्टिम चुकीची आहे."

"हो सर," तो म्हणाला. कबुलीच दिली बिचाऱ्याने. माझं काम मात्र तसूभर हललं नाही.

आता आजींना हुरूप आला. "माझी नात ऋतुजा. तिचा काय हो अर्थ?"

"ऋतू म्हणजे..." गुरुजी जोरात निघाले आणि मध्येच अडखळले. शब्दाचा कुठला तरी दुसरा अर्थ त्यांना आडवा गेला असणार. रांगेतल्या बायकांवर एक नजर टाकून ते खाकरले. "वसंत वगैरे. वसंत वगैरेत जन्मलेली."

"ती जुलैतली आहे," आजी म्हणाल्या.

ऋतुजा ही माझी जन्माची सवत. आमच्या वर्गात तीन ऋतुजा होत्या आणि एक मी, त्यामुळे बाईंनी सोयीसाठी चार धरल्या. बारशाचीच गोष्ट घ्या. पत्रिकेत स्वाती नक्षत्राचा पहिला चरण आला, म्हणजे अक्षर 'रू'. आजोबांचं म्हणणं रुक्मिणी ठेवा, आईचं म्हणणं रुचिरा. आणि बाबा, ज्यांनी उभ्या आयुष्यात रेल्वेच्या टाइमटेबलाशिवाय काही मनापासून वाचलं नाही, त्यांनी कुठून तरी ऋजुता आणलं. मग आत्याने पाळण्यात वाकून कुर्रर्र केलं आणि माझ्या कानात सांगितलं, ऋतुजा. ही हकीकत तिनेच मला दहावीच्या निकालाच्या दिवशी पेढा खाता खाता सांगितली. म्हणजे शास्त्राने बघायला गेलं तर काउंटरवरचा मुलगा बरोबर होता.

मध्यंतरी जरा बरे दिवस आले होते. आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकरांनी भाताला आणि तुपाला पुन्हा पानात मानाने बसवलं आणि एकदम लोकांना माझं नाव म्हणता यायला लागलं. पण त्यासोबत लोक वरपासून खालपर्यंत एकदा बघायला लागले आणि "तुम्ही नाही वाटतं पाळत?" असं विचारायला लागले. नको मग ते.

या सगळ्याचा धडा घेऊन मी मुलीचं नाव दोन अक्षरी ठेवलं. आर्या, अनन्या नको, कारण आमच्या सोसायटीत खाली उभं राहून "आर्याऽ" म्हटलं की चार मुली आणि एक मुलगा येतो. मायरा-कियारा नको, कारण सासूबाई विचारतात, हे कुठल्या देवाचं? म्हणून रमा. लक्ष्मीचं नाव, जोडाक्षर नाही, ऋ नाही, आजीलाही येतं आणि वॉचमनलाही. इंग्रजीत आर-ए-एम-ए. लसीकरणाच्या कार्डावर 'रामा' होऊन आलं. पुढे लिंग : पुरुष. त्यावर गोवराची तारीख.

असो. बँकेत मी एव्हाना काउंटरवर कोपर टेकून "आजच्या आज होईल का हो, प्लीज, मी ऑफिसातून अर्धा दिवस काढून आलेय, बघा ना काही जमतं का" अशा पट्टीला आले होते. गुरुजींना हे ऐकून भरतंच आलं.

"बघ, ऋजूपासूनच आर्जव! गीतेत चार वेळा येतं. तेराव्यात, सोळाव्यात, सतराव्यात, अठराव्यात. तिथे आर्जव म्हणजे सरळपणा, ज्ञानाचं लक्षण! आणि आपल्या मराठीत काय झालं त्याचं? विनवण्या!"

ते हे काउंटरकडे बोट करून म्हणाले, की माझ्याकडे, ते मी बघितलं नाही. पण घरी येऊन शब्दकोश काढला. खरं आहे. संस्कृतातला सरळपणा मराठीत येईस्तोवर गयावया करायला लागलाय. कुठल्या खिडकीशी त्याचं असं झालं ते कोशात दिलेलं नाही, पण मला अंदाज आहे.

गुरुजी थांबले नव्हतेच. "ऋग्वेदात तर प्रार्थनाच आहे! ऋजुनीती नो वरुणो... हे वरुणा, आम्हाला सरळ वाटेनं ने!"

"वरुण सर रजेवर आहेत," काउंटरवरचा मुलगा म्हणाला. "गुरुवारी या."

आणि येताना प्रतिज्ञापत्र आणा म्हणाला. नोटरीसमोर. रुजुता, रिजुता आणि रुजुथा या तिघी एकच बाई आहेत असं मी शपथेवर सांगायचं. माझ्या पासबुकातला एच मी घातलेला नाही. तो यांच्याच कोणीतरी, यांच्याच मशीनवर, कदाचित जेवणाच्या सुट्टीआधी घाईत घातला. तो काढायला रजा माझी, नोटरीचे पैसे माझे, शपथ माझी. मी हे म्हटलं, आवाज न चढवता म्हटलं. त्याने सहानुभूतीने मान हलवली आणि टोकनचा पुढचा नंबर पुकारला.

तो गुरुजींचा होता. त्यांनी ऐटीत अंगठा टेकवला. मशीनने लाल दिवा लावला. अंगठा रुमालाला पुसून पुन्हा टेकवला. लाल. दुसऱ्या हाताचा. लाल. आजन्म खडूने झिजलेले अंगठे ते, त्यांच्यावर रेघा कसल्या उरणार. मुलगा म्हणाला, "सर, येत नाहीये. जरा दाबून." गुरुजी खाली वाकून त्या काचेकडे बघत राहिले. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या मला मागून दिसत होत्या. मला वाईट वाटायला हवं होतं.

"काका," मी म्हटलं, "दाबून नाही. वर न्या. माथ्याकडे."

त्यांनी वळून माझ्याकडे बघितलं आणि खरंच अंगठा जरा वर सरकवून टेकवला. हिरवा.

"मूर्धन्य!" ते म्हणाले, आणि जिवंत होऊन निघून गेले.

मी उद्या नोटरीकडे जातेय. मिरच्यांचे वीस रुपये अजून द्यायचे आहेत.