घड्याळातल्या कॅलरी खायच्या नसतात

बेळगावच्या मराठी ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. शहापूर, वडगाव, अनगोळ करत तो खानापूर-निपाणीपर्यंत गेलाय. काल तो माझ्या आत्याकडे पोचला. आत्याला शुगर आहे, ग्लिमेपिराइडची गोळी चालू आहे. तिचा लगेच फोन: "व्हॅक्सिन डेपोवर फिरून आल्यावर जरासा कुंदा खाल्ला तर चालतंय की रे?" (व्हॅक्सिन डेपो म्हणजे आमच्याकडचं फिरायचं मैदान, कुंदा म्हणजे आटवलेल्या दुधाची मिठाई.) आता मात्र गप्प बसणं शक्य नाही.

मेसेजचा मजकूर थोडक्यात असा: "वजन कमी करताना व्यायामात जळालेल्या कॅलरी परत खाल्ल्याच पाहिजेत. घड्याळ जेवढा आकडा दाखवेल तेवढं बिनधास्त खा. नाही खाल्लं तर शरीर उपासमारीच्या मोडमध्ये जातं आणि वजन उलट वाढतं. घाम म्हणजे वितळलेली चरबी. शुगरवाल्यांनीही चालून आल्यावर गोड खायला हरकत नाही, ते लगेच जळतं. डॉक्टर हे सांगत नाहीत, कारण त्यांचं दुकान बंद होईल."

शुगरचा मुद्दा आधी घेतो, कारण बाकीच्या चुकांनी फार तर वजन वाढेल, इथे माणूस रस्त्यात पडू शकतो.

शरीरात साधारण ५ लिटर रक्त असतं. उपाशीपोटी शुगर १००, म्हणजे दर १०० मिलिलिटर रक्तात १०० मिलिग्रॅम, असेल तर त्या सगळ्या रक्तात मिळून साखर असते सुमारे ५ ग्रॅम, म्हणजे एक चहाचा चमचा. ५० ग्रॅम कुंद्यात दुधातली आणि वरून घातलेली धरून २० ग्रॅम तरी साखर सहज असते. चालून झालेलं आहे, माणूस खुर्चीत बसून खातोय, आणि मेसेज म्हणतो ती "लगेच जळते". कशात जळते? चालताना जी साखर वापरली गेली ती मुख्यतः स्नायूंच्या आणि यकृताच्या साठ्यातली होती. ते साठे शरीर सावकाश भरून घेतं. खाल्लेलं गोड मात्र अर्ध्या तासात रक्तात उतरतं. व्यायामानंतर काही तास स्नायू साखर जास्त ओढून घेतात हे खरं आहे, पण ती सोय रोजच्या नाश्त्यासाठी आहे, वर मिठाई घालण्यासाठी नाही. चालण्याचा फायदा शुगरसाठी घ्यायचा असेल तर क्रम उलटा करा: आधी जेवण, मग १० ते १५ मिनिटं सावकाश चालणं. जेवणानंतरची शुगर त्याने खरोखर कमी चढते.

आता याची दुसरी बाजू, जिचा मेसेजमध्ये पत्ताच नाही. ग्लिमेपिराइड, ग्लायबेनक्लामाइड यांसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणारा माणूस उपाशीपोटी लांब चालला तर शुगर खाली जाऊ शकते. हात थरथरणं, थंड घाम, छातीत धडधड, बोलण्यात गोंधळ, अचानक चिडचिड. अशा वेळी शुगर मोजायच्या मशीनवर ७० च्या खाली आकडा आला तर १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा ३ चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच प्या, १५ मिनिटं थांबा, पुन्हा तपासा. अजून ७० च्या खालीच असेल तर तेवढंच परत घ्या. मशीन जवळ नसेल आणि लक्षणं असतील तरी आधी साखर घ्या. या वेळी कुंदा किंवा पेढा कामाचा नाही, कारण त्यातल्या स्निग्धामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नका, थेट दवाखान्यात न्या. नुसती मेटफॉर्मिन घेणाऱ्यांना हा धोका फार कमी. मात्र वरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी खिशात साखरेची पुडी ठेवल्याशिवाय मैदानावर जाऊच नये, आणि चालणं वाढवायचं असेल तर गोळीचं प्रमाण डॉक्टरांना विचारून घ्यावं. मोठ्या व्यायामानंतर शुगर त्याच रात्रीही उतरू शकते.

म्हणजे शुगरच्या माणसाने व्यायामाच्या वेळी खाण्याचा प्रश्न येतो तो मशीनवरचा आकडा पाहून, घड्याळातला पाहून नव्हे.

आता घड्याळाकडेच येऊ. मेसेजचा सगळा डोलारा त्याच्यावर उभा आहे.

मनगटावरचं घड्याळ कॅलरी मोजत नाही. ते नाडीचे ठोके आणि हाताची हालचाल मोजतं, त्यात तुम्ही भरलेलं वय, वजन, उंची घालून एक अंदाज काढतं. खरा खर्च मोजायचा तर तोंडावर मास्क लावून किती ऑक्सिजन घेतला आणि किती कार्बन डायऑक्साइड सोडला हे पाहावं लागतं. २०१७ साली स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी नेमकं तेच केलं. ६० स्वयंसेवक, ७ प्रकारची घड्याळं, ट्रेडमिल आणि सायकल, सोबत मास्क. नाडीच्या बाबतीत सातांपैकी सहा घड्याळांची चूक ५ टक्क्यांच्या आत राहिली. कॅलरीच्या बाबतीत एकही धड निघालं नाही. सर्वांत चांगलं घड्याळ सरासरी २७ टक्के चुकलं, सर्वांत वाईट ९३ टक्के.

घड्याळाने ३०० दाखवले आणि ते तेवढ्याच टक्क्यांनी वर चढवून सांगत असेल, तर चांगल्या घड्याळात खरे २३६ होतात आणि वाईटात १५५. "आता नवी मॉडेलं आली आहेत" असं कुणी म्हणेल. नाडी मोजण्यात सुधारणा झालीही असेल, पण नाडीवरून कॅलरी काढणं हा अंदाजच राहतो. एप्रिल-मेच्या उन्हात नाडी वाढते, कडक चहाने वाढते, रात्री झोप झाली नसेल तरी वाढते. त्यातलं काहीच चरबी जाळत नाही. उलट बीपीसाठी ॲटेनोलॉल किंवा मेटोप्रोलॉल घेणाऱ्यांची नाडी गोळीने दाबलेली असते, त्यांच्याकडे आकडा कमी येऊ शकतो. पट्टा सैल असेल तर काहीही येतं. जिमच्या ट्रेडमिलवर वजन न भरता चालू केलं तर मशीन आपलंच ठरलेलं वजन धरतं, आणि पुढचा दांडा धरून चाललात तर पायांवरचा भार कमी होतो, स्क्रीनवरचा आकडा तोच राहतो.

शिवाय बरीच घड्याळं "टोटल" आकडा दाखवतात. त्या पाऊण तासात तुम्ही घरी बसून राहिला असता तरी ज्या कॅलरी लागल्या असत्या, त्याही त्यात असतात. ६८ किलोची बाई ताशी ५ किलोमीटरने ४५ मिनिटं चालली तर एकूण खर्च साधारण १८० कॅलरी. त्यातल्या ५० नुसत्या बसून राहण्याच्या. चालण्याच्या म्हणून उरतात सुमारे १३०. घड्याळाशिवाय हिशेब करायचा तर सपाट रस्त्यावर किलोतलं वजन गुणिले किलोमीटर, आणि त्याच्या निम्मे. धावलात तर जवळपास दुप्पट. येळ्ळूरच्या राजहंसगडासारखा चढ असेल तर ६८ किलो वजनाला दर १०० मीटर उंचीमागे ६५ कॅलरी वाढवा.

१३० कॅलरीत येतं काय? ५० ग्रॅम कुंदा बसत नाही, तो १८० ते २०० चा. गोकाकचं करदंट पौष्टिक म्हणून हातात दिलं जातं. डिंक, खोबरं, सुकामेवा, गूळ हे सगळं चांगलंच, पण ५० ग्रॅमला २०० च्या वर जातं. मैदानाबाहेरच्या हॉटेलातल्या एका वड्याने दोन चमचे तेल प्यायलं असेल तर ९० कॅलरी नुसत्या तेलाच्या, उडीद डाळ वेगळी. मूठभर, म्हणजे २५ ग्रॅम शेंगदाणे १४०. पाऊण तासाचं चालणं पाच मिनिटांत परत येतं, आणि खाणाऱ्याला वाटतं आपण हिशेबात आहोत.

यात आणखी एक चूक लपलेली आहे, जी शिकलेले लोकही करतात. रोजची गरज काढताना ॲप विचारतं, तुम्ही किती हालचाल करता? "हलका व्यायाम" निवडलं की व्यायाम तिथेच धरला जातो. ४५ वर्षांची, ६८ किलो, १५५ सेंटिमीटर उंचीची बाई घ्या. वय, वजन, उंचीवरून गरज काढणाऱ्या मिफ्लिन-सेंट जॉर सूत्राने तिची विश्रांतीतली गरज सुमारे १२६३ येते. बैठ्या कामासाठी १.२ ने गुणलं तर १५१५, हलक्या व्यायामासाठी १.३७५ ने गुणलं तर १७३६. मधला २२० चा फरक म्हणजेच तिचा व्यायाम. ती रोज ३०० कमी खायचं ठरवते, म्हणजे १४३६. आणि मग मेसेज वाचून घड्याळातले ३५० त्यात घालते. झाले १७८६. जे १७३६ ला स्थिर राहिलं असतं ते वजन आता हळूहळू वाढणार. ती बिचारी रोज पहाटे उठते, चालते, मोजून खाते, आणि महिन्याने काट्यावर उभी राहून स्वतःलाच दोष देते. या मेसेजचा मला सर्वांत जास्त राग येतो तो यासाठी.

"उपासमारीचा मोड" हे अर्धसत्य आहे, तेवढं मान्य करतो. कमी खाल्लं की शरीर काटकसर करतं: माणूस कमी हालतो, थंडी वाजते, विश्रांतीतला खर्चही थोडा घटतो. पण वजन वाढतं हे धादांत खोटं. १९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात ३६ तरुणांना जवळपास सहा महिने निम्म्या खाण्यावर ठेवलं होतं, वर आठवड्याला मैलोन् मैल चालायला लावलं होतं. त्यांचं वजन सुमारे पाव भागाने घटलं, हाल झाले, पण कुणाचं वाढलं नाही. "मी काहीच खात नाही तरी उतरत नाही" म्हणणाऱ्यांची तपासणीही १९९२ साली झाली आहे. ती मंडळी खाणं खऱ्यापेक्षा ४७ टक्के कमी सांगत होती आणि हालचाल ५१ टक्के जास्त. खोटं बोलत नव्हती. फोडणीतलं तेल, भाकरीवरचं लोणी, चटणीतले शेंगदाणे कुणाच्याच लक्षात राहत नाहीत.

घाम म्हणजे पाणी आणि मीठ. दोन तांबे पाणी प्यायलं की ते वजन परत येतं. पोटाला प्लास्टिक गुंडाळून चालणं ताबडतोब बंद करा. घाम वाळत नाही, अंग तापतं, बाकी काही होत नाही. डॉक्टरांच्या दुकानाच्या वाक्याला उत्तर देण्यात वेळ घालवत नाही.

परत खाल्लंच पाहिजे, असे लोक आहेत. मराठा लाईट इन्फंट्रीत जायचं म्हणून पहाटे धावणारी, संध्याकाळी दंड-बैठका काढणारी पोरं. तालमीतले पैलवान. दिवसभर ऊस तोडणारी माणसं. बाळाला अंगावर पाजणारी आई, जिला पहिले सहा महिने रोज ६०० कॅलरी जास्त लागतात. ६० किलोच्या भरतीच्या पोराचं चरबी वगळून वजन ५२ किलो धरा. व्यायामाचा खर्च वजा जाता दर किलोमागे ३० कॅलरींच्या खाली खाणं बरेच दिवस गेलं तर हाडं, संप्रेरकं, प्रतिकारशक्ती सगळ्यावर परिणाम होतो. ही मर्यादा मुख्यतः स्त्रियांवरच्या अभ्यासांतून आली आहे, पण अंदाजाला पुरते. म्हणजे १५६०, अधिक व्यायामाचे ६००. २१६० हा तळ झाला. शरीर नीट चालायचं तर किलोमागे ४५ च्या हिशेबाने २९०० च्या पुढे. या पोरांना वजन कमी करायचंच नाहीये, आणि मेसेज त्यांच्यासाठी लिहिलेला नाही.

उरलेल्यांनी, म्हणजे रोज अर्धा-पाऊण तास चालणाऱ्यांनी, परत काहीच खायचं नाही. खाण्याचा एकच आकडा ठरवा, चाललात तरी तोच, न चालता बसलात तरी तोच. सलग दीड तासाच्या वरचा व्यायाम असेल त्या दिवशी वरच्या वजन गुणिले किलोमीटरच्या सूत्राने खर्च काढा आणि त्याच्या निम्मं खा, तेही दही, अंडं, उसळ अशा रूपात. वजन रोज सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही खायच्या-प्यायच्या आधी, त्याच काट्यावर करा आणि सात दिवसांची सरासरी लिहून ठेवा. एका दिवसाच्या आकड्याला अर्थ नाही, आदल्या रात्रीच्या पापड-लोणच्यानेही तो किलोभर हलतो. कंबर बेंबीच्या रेषेत आठवड्यातून एकदा मोजा. चार आठवडे सरासरी हललीच नाही तर रोजचे १०० ते १५० कमी करा, सुरुवात तेल आणि साखरेपासून. उलट आठवड्याला शरीराच्या वजनाच्या १ टक्क्याहून जास्त उतरत असेल, जिना चढताना पाय गळत असतील, केस गळायला लागले असतील किंवा पाळी चुकली असेल, तर खाणं २०० नी वाढवा. ६० ग्रॅम पिठाची एक ज्वारीची भाकरी म्हणजे तेवढंच. पाळी पुढच्या महिन्यातही आली नाही तर डॉक्टरांकडे जा.