‘तीनच तर कॉर्ड्स’ म्हणणाऱ्या ठाणेकर वाचकाला

नमस्कार,

तुमची कमेंट परवा रात्री वाचली, लगेच उत्तर दिलं नाही कारण तेव्हा दिलं असतं तर रागात दिलं असतं. ज्यांनी ती वाचली नाहीये त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पॉप-पंक (पंक रॉकचा वेग आणि पॉपची गुणगुणता येणारी चाल) म्हणजे तीन कॉर्ड्सचा, म्हणजे एकदम छेडलेल्या सुरांच्या तीन जुड्यांचा, गोंगाट, त्यालाच संगीत म्हणायचं तर वर्षानुवर्षं रियाज करणाऱ्यांनी काय करायचं, असं तुम्ही विचारलंय. शिवाय हे कॅलिफोर्नियातल्या खात्यापित्या घरच्या पोरांचं रडगाणं आहे, त्याचा कोपरखैरणेतल्या चाळिशीच्या माणसाशी काय संबंध? आणि शेवटी, ही पोरं मुलींबद्दल काय लिहितात ते कधी नीट ऐकलंय का?

शेवटच्यापासून सुरू करतो, कारण तिथे तुमचं बरोबर आहे. पुष्कळ गाण्यांत मुलगी म्हणजे एकतर सोडून गेलेली नाहीतर फसवणारी, आणि मी ती गाणी विसाव्या वर्षी काहीही विचार न करता घसा फोडून म्हटलीयेत. पण ह्यावर आतूनही बोललं गेलंय. पॅरामोर ह्या अमेरिकन बँडची गायिका हेली विल्यम्सने टीनएजर असताना लिहिलेलं ‘मिझरी बिझनेस’ हे बँडच्या सगळ्यात गाजलेल्या गाण्यांपैकी एक, त्यात दुसऱ्या मुलीला शिवी दिल्यासारखी एक ओळ आहे, त्यावरून २०१८ मध्ये त्यांनी ते लाइव्ह वाजवणंच थांबवलं ते थेट २०२२ पर्यंत. जे गाणं ऐकायला लोक तिकीट काढतात तेच बाजूला ठेवायचं, हे मला मोठं वाटतं.

आता खात्यापित्या घरचं. ग्रीन डे ह्या पॉप-पंक बँडचा गायक बिली जो आर्मस्ट्राँग कॅलिफोर्नियातल्याच रोडिओ नावाच्या छोट्या गावातला, जिथे तेलाची मोठी रिफायनरी आहे. सहा भावंडांत धाकटा, वडील ट्रक चालवायचे आणि जॅझ वाजवायचे, आई वेट्रेस. तो दहा वर्षांचा असताना, सप्टेंबर १९८२ मध्ये, वडील कॅन्सरने गेले, आणि ‘सप्टेंबर संपला की मला उठवा’ असं म्हणणारं त्याचं गाणं आलं २००४ मध्ये, म्हणजे बावीस वर्षांनी. ह्याला रडगाणं म्हणू नका, प्लीज.

आणि माझा संबंध विचारलात ना, तर मी ठाणे-बेलापूर पट्ट्यात वाढलो. एका बाजूला सिडकोची घरं, दुसऱ्या बाजूला एमआयडीसी, रात्री खिडकी उघडी राहिली की केमिकलचा तो वास घरभर, आई उठून खिडक्या लावायची. पत्ता म्हणजे सेक्टर आणि प्लॉट नंबर, जुना बाजार नाही, जुनं नाट्यगृह नाही, तुमच्या ठाण्याला गडकरी होतं, तलावपाळी होती, आमच्याकडे रुंद रस्ते आणि संध्याकाळी करायला काही नाही. सगळं काही घडायचं ते खाडीपलीकडे, मुंबईत, आणि आम्ही नुसते ट्रेनने जाऊन यायचो. ‘ह्या गावात काहीच होत नाही, मला इथून बाहेर पडायचंय’ असं जोरात म्हणणारं गाणं पहिल्यांदा कानावर पडलं तेव्हा मला अमेरिका दिसलीच नाही, आमच्या बिल्डिंगची गच्ची दिसली.

तीन कॉर्ड्सबद्दल मात्र मी जरा भांडणार आहे. ही मंडळी बहुतेक वेळा पॉवर कॉर्ड वाजवतात आणि त्यात खरं तर दोनच सूर असतात, सा आणि प. तानपुऱ्यात आपण जे रोज ऐकतो ते. मधला गंधार काढून टाकलेला असतो, कारण अँपवर (गिटारचा आवाज मोठा करणारा डबा) डिस्टॉर्शन, म्हणजे आवाजाची खरखर, वाढवली की गंधार असेल तर सगळं गढूळ होतं, नुसते सा-प मात्र ठणठणीत राहतात. शुद्ध गंधार लागला की गाणं आनंदी वाटतं, कोमल लागला की उदास, आता तो गंधारच गिटारमध्ये नाही म्हणजे गाणं आनंदी की उदास हे गिटार ठरवत नाही, पुष्कळदा ते गाणाऱ्याच्या गळ्यावर सोडलेलं असतं, आणि म्हणूनच एवढ्या जोरात वाजत असलेलं गाणं ऐकताना मध्येच पोटात कालवतं. कडव्यात उजव्या हाताचा तळवा तारांवर टेकवून आवाज दाबून ठेवायचा आणि ध्रुवपदाला हात उचलायचा, एवढीच युक्ती, पण तो हात उचलला जातो तेव्हा अख्खी गर्दी एकदम उडी मारते. सोपं आहे, हो. दोन बोटांत येतं. मी एकोणिसाव्या वर्षी, क्लासला पैसे नसताना, मित्राच्या गिटारवर एका दुपारात शिकलो, आणि दुसऱ्या दिवशी आमचा बँड होता. रियाजाची किंमत ह्याने कमी होत नाही, माझी आई अजून पहाटे भूप गाते आणि मी दाराबाहेर बसून ऐकतो.

कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत ९२४ गिलमन स्ट्रीट नावाची पंक गाण्यांचे कार्यक्रम होणारी जागा आहे, १९८६ च्या शेवटच्या रात्री सुरू झालेली, व्हॉलंटिअर चालवतात, कुठल्याही वयाच्या माणसाला आत प्रवेश, आणि नियम ठळक लिहिलेले: दारू नाही, ड्रग्ज नाहीत, मारामारी नाही, वर्णभेद नाही, बायकांना कमी लेखणं नाही. ग्रीन डे तिथेच मोठे झाले आणि मोठ्या रेकॉर्ड कंपनीशी करार केला तेव्हा त्याच जागेने त्यांना वाजवायला बंदी केली! पुढे त्यांचा १९९४ चा ‘डूकी’ हा अल्बम अमेरिकेत एक कोटीच्या वर खपला, पण गिलमनचे घरचे लोक बरीच वर्षं रागावलेलेच होते. फॅन म्हणजे नुसतं टाळ्या वाजवणारं पब्लिक नाही इथे, त्यांना वाटतं हे आपलं आहे, म्हणून भांडतातही.

मार्च २०२५ मध्ये ग्रीन डे महालक्ष्मी रेसकोर्सवर आले तेव्हा आम्ही सात जण कुर्ला, दादर असं बदलत गेलो. गर्दीत गोल धावणं सुरू झालं, मी पडलो, आणि मला काही कळायच्या आत चार अनोळखी हातांनी उचलून उभं केलं, एका पोराने माझा चष्मा उंच धरून ठेवला होता. कोणी पडलं तर आधी उचलायचं, हा नियम कुणी शिकवत नाही, सगळ्यांना माहीत असतो. शेजारी एक बाबा लेकीला खांद्यावर घेऊन उभे होते, तिला शब्द त्यांच्यापेक्षा जास्त पाठ. परतीच्या हार्बर लोकलमध्ये मानखुर्दपर्यंत अख्खा डबा गात होता, त्यातल्या दोघांशी आता दर रविवारी वाशीत भेट होते, तासाच्या भाड्याने जॅमरूम (बँडच्या सरावाची खोली) घेतो आणि वाजवतो.

ठाण्याहून ट्रान्सहार्बरने थेट वाशी. ह्या रविवारी पाच वाजता आहोत. तुम्ही हार्मोनियम वाजवता असं कमेंटमध्ये लिहिलंय, ती घेऊन या, सा-प आम्ही धरतो, गंधार तुम्ही लावा.