समुद्राचा तळ सरकत नाही, हे पटवून देण्याची सोलापुरी रीत

चहाच्या गाड्यावर तो कधी ना कधी येतोच. भूगर्भशास्त्र शिकलेला, खिशात भिंग, आणि म्हणणं एकच: समुद्राचा तळ मधोमध फाटतोय आणि दोन्ही बाजूंना सरकतोय. घाबरू नका. त्याला गप्प कसं बसवायचं ते शिकून घ्या.

सुरुवातीला "समुद्र कुठं, आपण कुठं?" एवढंच विचारा. आपल्याकडे सिद्धेश्वर तलाव आहे, आणि तो आपोआप रुंद झाल्याचं कुणी बघितलेलं नाही. यावर चारजण हसले की निम्मं काम झालं.

मग तो लाव्ह्यावर येईल. समुद्राखालच्या पर्वतरांगेच्या भेगेतून लाव्हा वर येतो, थिजतो, आणि सुमारे 580 अंशांच्या खाली उतरला की त्यातल्या मॅग्नेटाइट या लोहखनिजाच्या कणांत पृथ्वीच्या चुंबकाची त्या वेळची दिशा कोरली जाते, असं सांगेल. पुढे म्हणेल, ही दिशा अधूनमधून उलटते. 1906 साली ब्रून्स नावाच्या फ्रेंच माणसाला उलट्या दिशेचा लाव्हा सापडला, 1929 मध्ये जपानच्या मातुयामांनी असे दगड वयाप्रमाणे लावून दाखवले, आणि शेवटची मोठी उलथापालथ सुमारे 7,80,000 वर्षांपूर्वी झाली. इथं "काय फेकायलास बे? तू होतास का तिथं?" हे वाक्य वापरा. पुराव्याला साक्षीदार लागतो. दगड साक्षीदार होत नाही, कारण त्याला चहा पाजता येत नाही.

खरा धोका पट्ट्यांचा. 1962 मध्ये ब्रिटिश नौदलाच्या 'ओवेन' या जहाजानं हिंदी महासागराच्या वायव्येला कार्ल्सबर्ग या समुद्राखालच्या पर्वतरांगेवरून चुंबकमापक ओढत नेला. त्या नोंदींवरून व्हाइन आणि मॅथ्यूज या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी 1963 मध्ये मांडलं की तळावर सुलट्या-उलट्या चुंबकत्वाचे पट्टे आहेत, आणि मधल्या भेगेपासून दोन्हीकडे त्यांचा क्रम तोच लागतो. हे ऐकताच म्हणा, "ही तर आपली चादर झाली! डिझाइन आपल्याकडून उचललंय." तो गडबडेल. मग सांगेल की मागावर चादर एकाच दिशेनं पुढं सरकते. इथं माग मधोमध आहे आणि कापड वर्षाला एकूण दोन-तीन सेंटीमीटर, दोन्हीकडून बाहेर पडतंय. लगेच विचारा, असा माग सोलापुरात कुठल्या कारखान्यात आहे? नाही ना? विषय संपला. (रांगेला बियरच्या कंपनीचं नाव कसं, हेही विचारून ठेवा. मोहिमेला पैसा कार्ल्सबर्गवाल्यांचा होता, हे उत्तर आपल्याच उपयोगी पडतं.)

एवढ्यावर धीर सुटला तर मॉर्ली आठवा. कॅनडाच्या या माणसाला हीच कल्पना सुचली होती. 1963 मध्ये दोन मोठ्या नियतकालिकांनी त्याचा लेख परत पाठवला. एका परीक्षकाच्या मते असल्या गप्पा पार्टीत शोभतात, शास्त्रात नाहीत. म्हणजे तुमचं अज्ञान ऐरंगैरं नाही, त्याला आंतरराष्ट्रीय परंपरा आहे. त्या परीक्षकाला पुढं तोंड लपवावं लागलं असेल, पण आपल्याला कुठं नाव छापायचंय?

'एल्टानिन' जहाजानं मोजलेल्या अशाच पट्ट्यांचा 1966 सालचा आलेख त्यानं बाहेर काढला, तर "कागद उलटा धरलायस" असं मात्र चुकूनही म्हणू नका. तो डावी-उजवी बाजू बदलून दाखवेल, आणि आलेख तरीही तसाच दिसेल. सगळी मेख तिथंच आहे.

आणि त्याला खाली बघू देऊ नका. पाया खणताना कुदळ मोडणारा आपला काळा दगड म्हणजे सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीचा दख्खनचा लाव्हा. त्याचा मोठा भाग चुंबक उलटं असताना थिजलाय. 1956 मध्येच क्लेग आणि सहकाऱ्यांनी दख्खनचे असे दगड मोजून सांगितलं की तेव्हा भारत विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता. गाडा लावलाय त्याच दगडावर, त्यामुळं विषय पटकन गड्ड्याच्या जत्रेवर न्या.

तरी थांबला नाही, तर शेवटचा उपाय: "नोकरी काय करतोस?" भूजल सर्वेक्षणात आहे, बोअरची जागा सांगतो, असं म्हणाला तर मनसोक्त हसा. त्यासाठी आपल्याकडे तळहातावर नारळ उभा करणारे काका आहेतच की. उन्हाळ्याच्या तोंडावर त्यांची वेळ आधीच घेऊन ठेवा, नंतर मिळत नाही.