कॅलिबर बदलणारी बंदूक १९६३ साली जन्माला आली नाही

एक मजकूर सध्या हातोहात फिरतो आहे. वर सुटे भाग मांडून ठेवलेल्या बंदुकीचं चित्र आणि खाली पाच ठाम वाक्यं: ‘एकाच बंदुकीतून वेगवेगळ्या कॅलिबरची काडतुसं झाडायची कल्पना १९६३ साली यूजीन स्टोनरने जगात पहिल्यांदा मांडली. त्याआधी कुणाला ते जमलं नाही, कारण तेवढं तंत्रज्ञानच नव्हतं. स्टोनरला पेटंट मिळालं, म्हणजे बंदूक चालते यावर सरकारनेच शिक्का मारला. पेटंट असल्यामुळे ती बाळगायला वेगळ्या परवानगीचीही गरज नव्हती. तरीही लष्कराने ती दाबून टाकली.’

यातलं एकही वाक्य टिकत नाही. जुनी पेटंटं वाचण्यात मी बरीच वर्षं घालवली आहेत आणि स्टोनरबद्दल मला मनापासून आदर आहे. म्हणूनच त्याने न केलेलं काम त्याच्या नावावर खपवलेलं बघवत नाही. ज्यांनी ते काम खरोखर केलं त्यांची नावं यात पुसली जातात, याचा राग तर त्याहून जास्त.

अमेरिकन शस्त्ररचनाकार स्टोनरपासूनच सुरुवात करू. कॅलिबर म्हणजे नळीचा आतला व्यास, आणि म्हणून काडतुसाचं माप. ‘स्टोनर ६३’ ही रूप बदलणारी बंदूक आहे, कॅलिबर बदलणारी नाही. तिचा गाभा एकच ठेवून आखूड कार्बाइन, पूर्ण लांबीची रायफल किंवा हलकी मशिनगन जुळवता येते. त्यातली खरी करामत अशी की मशिनगन करताना तोच गाभा चक्क उलटा धरायचा. रायफलमध्ये नळीच्या वर असलेली वायूची नळी मग खाली जाते. ही कल्पना सुचणं सोपं नव्हतं. पण यातल्या कुठल्याही रूपात काडतूस एकच, ५.५६ मिलिमीटरचं. त्याआधीचा ‘स्टोनर ६२’ हा नमुना ७.६२ मिलिमीटरचा होता, पण ती वेगळी बंदूक होती. ज्या बंदुकीचं चित्र लावून ‘बहुकॅलिबर’ म्हणून डंका पिटला जातो, तिने कॅलिबर कधी बदललंच नाही. कुठलंही पेटंट वाचायला घेतलं की पहिला प्रश्न हाच विचारावा लागतो: नेमकं काय बदलतंय? नळीची लांबी, भरण्याची पद्धत, बंदुकीचं रूप की कॅलिबर? या चारही गोष्टी एकाच पोत्यात भरल्या की असले मजकूर तयार होतात.

आता ‘जगात पहिल्यांदा’. लंडनच्या जेम्स पकल या वकिलाला १७१८ साली एका तिपाईवरच्या बंदुकीचं पेटंट मिळालं. एक नळी आणि तिच्यामागे हाताने फिरवायचं, बदलता येणारं गोळ्यांचं चक्र. पेटंटच्या छापील पानावर लिहिलं आहे की ख्रिश्चनांवर गोल गोळ्या झाडायच्या आणि तुर्कांवर चौकोनी. ते वाचताना आजही शिसारी येते. पण यंत्राच्या इतिहासाच्या दृष्टीने पाहिलं, तर भाग बदलून वेगळ्या प्रकारची गोळी वापरायचा विचार तिथे स्पष्ट शब्दांत आणि चित्रासकट मांडलेला आहे, स्टोनरच्या २४५ वर्षं आधी. १७२२ च्या जाहीर चाचणीत भर पावसात या बंदुकीने ७ मिनिटांत ६३ वेळा बार काढला. लष्कराने तरी ती स्वीकारली नाही.

म्हणून पकल ‘पहिला’ असंही मी म्हणणार नाही. एकाच शस्त्राला दोन वेगळ्या नळ्या जोडण्याची रीत त्याच्याही आधीची आहे. अमेरिकेपुरतं बोलायचं तर तिथल्या पेटंट कचेरीला १५ डिसेंबर १८३६ रोजी आग लागली आणि तोवर दिलेल्या जवळपास १० हजार पेटंटांच्या नोंदी आणि नमुने जळाले. प्रती मिळवून त्यातली थोडीच पुन्हा उभी करता आली. एवढं दप्तर राख झालेलं असताना ‘जगात पहिल्यांदा’ हे शब्द इतक्या सहज वापरायचे नसतात.

‘तंत्रज्ञानच नव्हतं’ हे वाक्य मला सगळ्यात जास्त खटकतं, कारण घडलं ते जवळजवळ उलट आहे. इथे जरा थांबायला हवं.

वॉशिंग्टनमध्ये एडवर्ड मेनार्ड नावाचे दातांचे डॉक्टर होते. त्यांनी १८५१ साली मागून भरायच्या रायफलचं पेटंट घेतलं. चापाभोवतीची कडी खाली ओढली की नळीचं तोंड झुकतं आणि मागची बाजू उघडी पडते. एक खीळ काढली की अख्खी नळी हातात येते आणि त्या जागी दुसरी बसते. ती दुसरी नळी ०.३५ इंचाची असेल, ०.४० ची असेल, ०.५० ची असेल किंवा छऱ्यांची असेल. एकच दस्ता आणि दोन-तीन नळ्या असा पेटीतला संच शिकाऱ्यांना विकत मिळत असे. अमेरिकेच्या गृहयुद्धात याच रचनेच्या ०.५० इंची कार्बाइन २० हजारांवर वापरल्या गेल्या. म्हणजे ही वस्तू कागदावरची नव्हती. कारखान्यात बनत होती, दुकानात विकली जात होती आणि रणांगणावर चालत होती.

मेनार्डना हे इतकं सोपं का गेलं, ते त्यांचं काडतूस पाहिलं की कळतं. पितळेची साधी नळकांडी, खाली रुंद चपटी बैठक आणि तिच्या मधोमध टाचणीएवढं भोक. बस्स. पेट घेणारा मसाला काडतुसात नाहीच. तो बाहेर, घोड्याखालच्या (म्हणजे आघात करणाऱ्या हातोडीखालच्या) टोपीत. घोडा टोपीवर आपटतो आणि ठिणगी भोकातून आत जाते. काडतूस जाड आहे की बारीक, याच्याशी घोड्याला काही देणंघेणं नाही. म्हणून नळी बदलली की कॅलिबर बदललं, बाकी बंदुकीला हात लावायची गरज नाही.

पुढच्या काळात पेटवणारा मसाला काडतुसाच्या आत गेला. बंदुकीसाठी ही मोठी प्रगती होती, पण कॅलिबर बदलणं तिच्यामुळेच अवघड झालं. काही काडतुसांत मसाला बुडाच्या कडेला, काहींत मध्यभागी. म्हणजे आघात कुठे करायचा हे काडतुसागणिक बदललं. रिकामं कवच ओढून काढणारी नखी, बोल्टचं (नळीची मागची बाजू बंद करणाऱ्या दांड्याचं) तोंड, मॅगझिनची रुंदी, झेपणारा दाब, सगळं एका ठरावीक काडतुसाशी बांधलं गेलं. १९६७ साली वॉरन सेंटर यांच्या रचनेचं ‘थॉम्पसन/सेंटर कंटेंडर’ हे एकबारी पिस्तूल आलं. एका खिळीवर नळ्या बदलायच्या, म्हणजे कल्पना मेनार्डचीच. पण कडेला आघात करायचा की मध्यभागी, हे निवडायची सोय सेंटरना घोड्यावर मुद्दाम करावी लागली. मेनार्डसमोर जो प्रश्न नव्हताच, तो ११६ वर्षांनी सोडवावा लागला. याला ‘आधी तंत्रज्ञान नव्हतं’ कसं म्हणायचं?

वेगळ्या वाटेने कॅलिबर बदलणारेही होऊन गेले. गृहयुद्धानंतर अमेरिकेच्या स्प्रिंगफील्ड शस्त्रागारात ठासणीच्या ०.५८ इंची बंदुका ढिगाने पडून होत्या. तिथले मुख्य कारागीर अर्स्किन अ‍ॅलिन यांनी त्या मागून भरता येतील अशा केल्या आणि १८६६ च्या नमुन्यात जुन्या नळीच्या आत अस्तर डाखून तिचा व्यास ०.५० वर आणला. ब्रिटिश फौजेने १८८० च्या दशकात मार्टिनी-हेन्री रायफलमध्ये सरकवायची मॉरिस नळी घेतली. बारीक आणि स्वस्त काडतूस वापरून सराव करता यावा म्हणून. १९३८ साली कोल्टने ०.४५ चं पिस्तूल ०.२२ चं करणारा जोडसंच विकायला काढला. त्यात डेव्हिड मार्शल विल्यम्स यांचा ‘तरंगता’ कोठा (काडतूस बसायची जागा) होता, चिमुकल्या काडतुसाचा धक्का वाढवून जड पिस्तूल चालवणारा. आणि न्यू ऑर्लिन्सचे डॉक्टर ज्यां अलेक्झांडर ले मा यांचं १८५६ चं पेटंट तर दोन कॅलिबर एकाच वेळी हातात देतं: ९ गोळ्यांचं चक्र आणि त्याच्या आसाच्या जागी छऱ्यांची जाड नळी. घोड्याचं टोक बोटाने वळवलं की आघात दुसऱ्या नळीवर.

पेटंट म्हणजे सरकारचा शिक्का, हे तिसरं वाक्य. पेटंट कचेरी बंदूक झाडून बघत नाही. ती मुख्यतः तपासते ते हे की दावा नवा आहे का आणि पुरेसा स्पष्ट लिहिला आहे का. याचं सगळ्यात बोलकं उदाहरण रोलिन व्हाइट यांचं. ३ एप्रिल १८५५ च्या त्यांच्या पेटंटात काढलेलं रिव्हॉल्व्हर व्यवहारात कुचकामी होतं. पण चक्राचे कोठे आरपार पोखरलेले असावेत, म्हणजे काडतूस मागून भरता येईल, हा त्यातला एक दावा सोन्याच्या मोलाचा ठरला. स्मिथ अँड वेसनने प्रत्येक रिव्हॉल्व्हरमागे २५ सेंट देऊन त्याचे हक्क घेतले आणि पेटंटची १४ वर्षांची मुदत संपेपर्यंत बाकीच्या कारखान्यांची वाट अडवली. पेटंट मुदतवाढीचं विधेयक १८७० साली राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनी नकाराधिकार वापरून परत पाठवलं.

रूपांतराच्या इतिहासात व्हाइट यांना जागा आहे ती याच अडवणुकीमुळे. कोल्टच्या कारखान्यातल्या अलेक्झांडर थुअर यांनी १५ सप्टेंबर १८६८ रोजी एक पेटंट मिळवलं: काडतूस मागून नव्हे, समोरून भरायचं. कोठे मागून भरायचे नाहीत, म्हणजे व्हाइट यांच्या दाव्याला धक्का नाही. वर मागची कडी आणि चक्र बदललं की तेच रिव्हॉल्व्हर पुन्हा सुट्या दारूवर चालणार. नेमबाजाला याची फार हौस होती म्हणून हे झालं नाही. दुसऱ्याच्या पेटंटला वळसा घालायचा होता म्हणून झालं. व्हाइट यांची मुदत संपायला तेव्हा साडेसहाच महिने उरले होते. ती संपली आणि कोल्टने मागून भरायची सरळ रूपांतरं आणली, १८७१ चं रिचर्ड्स यांचं पेटंट त्यातलंच.

परवानगीबद्दलचं चौथं वाक्य नुसतं चुकीचं नाही, घातक आहे. पेटंट दुसऱ्याला ‘तू हे बनवू नकोस’ असं म्हणायचा हक्क देतं. बनवायची, विकायची किंवा बाळगायची मुभा त्यात नसते. ती शस्त्रविषयक कायद्यातून येते किंवा येत नाही. वर सांगितलेलं कंटेंडर पिस्तूल याच वादात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. पिस्तुलासोबत लांब नळी आणि दस्ता असा संच विकला, तर त्यातून आखूड नळीची रायफलही जुळवता येते, मग तिच्यावरचा २०० डॉलरचा कर लागू होतो का? १९९२ साली निकाल कंपनीच्या बाजूने लागला, तोही पाच विरुद्ध चार असा निसटता. त्या निकालात पेटंटचा आधार कुणीच घेतला नव्हता.

राहिलं ‘लष्कराने दाबून टाकली’. स्टोनर ६३ अमेरिकी नौदलाच्या सील या खास तुकड्यांनी व्हिएतनाममध्ये लढाईत वापरली आणि त्यांना ती आवडली. सरसकट घेतली गेली नाही, कारण एम-१६ ही रायफल आधीच सैन्यात शिरली होती आणि स्टोनर ६३ ला बारीक देखभाल लागत होती.

नष्ट केलेलं रूपांतर-यंत्र खरंच एक होतं आणि कदाचित त्याचीच गोष्ट फिरत फिरत स्टोनरला चिकटली असावी. जॉन पेडरसन यांनी पहिल्या महायुद्धात स्प्रिंगफील्ड रायफलसाठी एक जोड बनवली. रायफलचा बोल्ट काढायचा आणि त्या जागी ही जोड सरकवायची. उजवीकडे तिरकं ४० गोळ्यांचं मॅगझिन लावायचं, की हाताने बोल्ट ओढायची रायफल पिस्तुलाएवढ्या काडतुसांवर आपोआप भरू लागते. नळीचा व्यास तोच, ०.३० इंच, म्हणून नळीला हात लावायचा नाही. रिकामी कवचं उडायला रायफलच्या डाव्या अंगाला लंबगोल खाच तेवढी पाडलेली. गुप्तता राखायला कागदोपत्री नाव दिलं होतं ‘स्वयंचलित पिस्तूल, १९१८’. सुमारे ६५ हजार जोड्या तयार झाल्या, १९१९ च्या वसंतातल्या चढाईसाठी. युद्ध नोव्हेंबर १९१८ मध्येच संपलं.

मग उणिवा दिसू लागल्या. शिपायाने दोन प्रकारची काडतुसं वाहायची, काढलेला बोल्ट सांभाळायचा, ऐन धुमश्चक्रीत अदलाबदल करायची आणि एवढं करून हाती येणारी गोळी कमी ताकदीची. १९३१ मध्ये हे यंत्र कालबाह्य ठरवलं गेलं आणि बहुतेक सगळ्या जोड्या नष्ट केल्या गेल्या. पेडरसन यांचं तोंड कुणी बंद केलं नव्हतं. ते पुढे पूर्ण ताकदीच्या स्वयंभरणी रायफलच्या स्पर्धेत उतरले आणि गॅरंडच्या रायफलसमोर हरले. त्यांची पेटंटं १९२० च्या दशकात रीतसर छापली गेली, कुणालाही वाचता येतील अशी. वाचलेल्या मोजक्या जोड्या संग्रहालयांत आणि संग्राहकांकडे आहेत. त्यांच्या पोलादावर ठोकलेली अक्षरं अजून वाचता येतात: ‘पेडरसनची पेटंटं प्रलंबित’.