नाव काही घेईना

समुद्री स्पंज हा प्राणी आहे, हे इतक्या जणांना पटवून झालंय की हल्ली माझाच त्यावरचा विश्वास उडत चाललाय. "चालतो का?" नाही. "डोळे?" नाहीत. "पोट तरी?" तेही नाही. "मग प्राणी कसला गं?" असं शेजारचे काका विचारतात, तेव्हा मला ह्याचे पैसे कोण देतं हा पुढचा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर तयारच असतो.

रत्नागिरीच्या कातळावर स्पंज शोधायचा तर मोठी ओहोटी हवी. ती अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, आणि आमच्याकडे बहुतेक पहाटे नाहीतर तिन्हीसांजेला. अमावास्येच्या पहाटे सुरी, बॅटरी आणि पिशवी घेऊन समुद्राकडे निघालेल्या सुनेबद्दल वाडीत काय बोलतात, ते मी विचारत नाही.

खडकाच्या पोटाला केशरी, पिवळे, जांभळे थर. कोणती जात ते रंगावरून ओळखावं, तर स्पिरिटमध्ये घातल्यावर रंग स्पिरिटला लागतो आणि बरणीत उरतो मळकट गोळा. आकारावरून म्हणावं, तर एकच जात लाटांच्या माऱ्यात सपाट पसरते आणि संथ पाण्यात नळ्या काढून बसते. उखाण्याला अडून बसलेली नवरीसुद्धा शेवटी नाव घेते हो, हा घेत नाही.

मग उरतात सुया. स्पंजाच्या अंगात काचेच्या, काहींच्या चुनखडीच्या, बारीक सुया असतात. नखाएवढा तुकडा ब्लीचमध्ये टाकायचा, मांस विरघळतं, तळाशी पांढुरका गाळ बसतो. तो आधी पाण्याने, मग स्पिरिटने धुऊन काचपट्टीवर घ्यायचा. ("अगं, कपड्यांचं ब्लीच संपलं कसं?" इति सासूबाई.) शिंपल्याला भोकं पाडणारा क्लायोना असेल तर नशीब, त्याच्या सुया हुबेहूब टाचण्या, एका टोकाला गोल डोकं. पण हॅलिक्लोना निघाला की संपलं. ह्या एका वंशात शेकडो जाती आणि बहुतेकांच्या सुया तशाच साध्या, दोन्हीकडे टोकदार. बसा मोजत, मायक्रॉनमध्ये. आणि अंघोळीच्या स्पंजाचे भाऊबंद असले तर सुयाच नाहीत, नुसते तंतू. म्हणजे ब्लीच फुकट.

आधाराला 2002 साली आलेला 'सिस्टेमा पोरिफेरा' आहे, दोन खंडांचा. जगभरात स्पंजाच्या नऊ हजारांवर जाती, आणि हा ग्रंथ वंशापर्यंत हात धरून आणतो. पुढे जातीपर्यंत आपलं आपण. तिथून 1905 सालचा आर्थर डेंडींचा सिलोनच्या स्पंजांवरचा अहवाल उघडायचा आणि एकेक सुई ताडून बघायची.

सरांना सुयांचे फोटो दाखवले. चष्मा वर करून त्यांनी बराच वेळ पाहिले.

"छान आलेत. पण ह्या सुया अंगात रचल्यात कशा? जाळी आहे की जुड्या? उभा छेद घे बघू. आणि तो तुकडा तेवढा ब्लीचमध्ये टाकू नकोस."

पुढची मोठी ओहोटी कधी आहे ते बघायला मी कॅलेंडर काढलं. सर्वपित्री.