पॅन ॲम ७३ : ‘आता पैसे कशाला?’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार साहेब,

पॅन ॲम या अमेरिकन कंपनीच्या विमानाच्या १९८६ मधल्या अपहरणावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, ‘वकीलबाई, जीव वाचला यातच देवाचे आभार मानावेत. इतक्या वर्षांनी लिबियाकडे पैसे मागणं शोभत नाही. आणि लिबियाचा हात कुठल्या कोर्टात सिद्ध झाला?’ शेवटचा प्रश्न बिनतोड आहे, त्यामुळे जास्त त्यावरच लिहिते.

‘शोभत नाही’चं आधी उरकते. घोडबंदर रोडवर कंटेनरखाली पाय गेलेला माणूस ठाणे कोर्टात क्लेम लावतो, तेव्हा ‘जिवंत आहेस ना, मग जा घरी’ असं त्याला कुणी सुनावत नाही. मग सोळा तास बंदुकीच्या धाकात काढलेल्यांनाच का?

५ सप्टेंबर १९८६ ला मुंबईहून सुटलेलं हे विमान कराचीला थांबलं आणि सुरक्षारक्षकांच्या वेशातले चार बंदूकधारी आत घुसले. हवाईसुंदरी नीरजा भनोटने सावध केल्यामुळे वैमानिक निसटले आणि विमान तिथेच अडकलं. (नीरजाबद्दल आपण भरभरून बोलतो, बोलायलाच हवं. गोळ्या अंगात घेऊन परतलेल्यांची मात्र साधी चौकशीही होत नाही.) अमेरिकन कोण हे शोधायला अपहरणकर्त्यांनी पासपोर्ट गोळा करायला लावले. रात्री विमानातली वीज गेली आणि अंधारात गोळीबार झाला, हातबॉम्ब फुटले. वीसेक माणसं मेली, शंभराहून अधिक जखमी झाली.

पाकिस्तानात हे चौघे आणि त्यांचा एक साथीदार अशा पाच जणांना फाशी सुनावली गेली, पुढे ती जन्मठेपेवर आली. म्होरक्या सफारिनी २००१ मध्ये सुटला तसा अमेरिकेने पकडला. तिथे त्याला १६० वर्षांची शिक्षा झाली. बाकीचे चौघे २००८ मध्ये सुटले.

आता लिबिया. हल्लेखोर पॅलेस्टिनी अतिरेकी अबू निदालच्या संघटनेचे, आणि तिला लिबियाने पोसलं असा आरोप. २००६ मध्ये वाचलेल्यांनी आणि वारसांनी अमेरिकेतल्या कोर्टात लिबियावर दावा लावला. वादींत भारतीयही होते. दावा चालून निकाल लागण्याआधीच २००८ मध्ये अमेरिका आणि लिबियाने आपसात करार केला. वेगवेगळ्या हल्ल्यांचे मिळून दीड अब्ज डॉलर लिबियाने भरले, बदल्यात अमेरिकेतल्या कोर्टांतले असे दावे संपवले गेले. पैसे अमेरिकन नागरिकांना. दार मात्र सगळ्यांनाच बंद. म्हणजे इथेही पासपोर्टच पाहिला गेला.

तेव्हा साहेब, हात सिद्ध झाला नाही हे खरं, पण सिद्ध करायची संधीच काढून घेतली. माझ्या अशिलाच्या सहीशिवाय समोरच्या दोघांनी तडजोड करून माझा दावा निकालात काढला, तर मी कोर्ट डोक्यावर घेईन. भारत तर त्या करारात पक्षकारही नव्हता.

आपल्या नागरिकांच्या वतीने दुसऱ्या देशाकडे मागणी करायचा हक्क दिल्लीलाही आहे. अमेरिकन सरकारने आपल्या माणसांसाठी तोच वापरला. त्यालाही तुम्ही ‘शोभत नाही’ म्हणणार का?