उभं राहून काय कळतंय? ('साइटवरचा माणूस' यांना उत्तर)

स्लॅब पडताना मालकानं स्वतः कामावर उभं राहावं, असं मी 'स्लॅबच्या दिवशी मालकानं काय करावं' या लेखात लिहिलं होतं, त्यावर परवा रात्री 'साइटवरचा माणूस' या नावानं एक प्रतिक्रिया आलीय. सगळी इथं देत नाही, मुद्दे देतो. एक, मी सिमेंट, वाळू, खडीचं १:२:४ प्रमाण म्हणजे एम-२० (काँक्रीटची ताकदीची प्रत) असं लिहिलंय ते चूक आहे. दोन, माझे दर जुने आहेत. तीन, कॉन्ट्रॅक्टरबरोबर लेखी करार, टप्प्याटप्प्यानं पैसे, मेजरमेंट यावर लेखात एक अक्षर नाही. चार, आणि हे मात्र शब्दाला शब्द देतो: "कामावर उभं राहून मालकाला काय कळतंय? एक घर बांधलं की सगळेच इंजिनिअर होतात, त्यापेक्षा मालकांनी रंकाळ्यावर फिरायला जावं, काम जास्त चांगलं होईल." त्यापेक्षा पगारी इंजिनिअर ठेवा, असंही म्हणणं आहे. शेवटी माझ्या बाथरूमबद्दल एक टोमणा आहे, त्याच्याकडं नंतर येतो.

साहेब, टीकेचं मला वावडं नाही. सहा वर्षं लिहितोय, भरपूर शिव्या खाल्ल्यात. पण बोलायची एक पद्धत असते की नाही? माझं नाव, गाव सगळं लेखाखाली असतंय, तुमचं काय तर 'साइटवरचा माणूस'. कुठली साइट? कुठला माणूस? समोर येऊन बोलला असता तर चहा पाजला असता आणि दोन गोष्टी शिकलो पण असतो.

पहिल्यांदा जे खरं आहे ते मान्य करून टाकतो, म्हणजे कोण म्हणायला नको की हा माणूस ऐकूनच घेत नाही. एम-२० साठी १:१.५:३ पाहिजे, १:२:४ हा एम-१५ होतो आणि आर.सी.सी.ला, म्हणजे सळ्या घातलेल्या काँक्रीटला, एम-२० च्या खाली जायचं नाही, बरोबर आहे तुमचं. ती टायपिंग मिस्टेक होती. लेखात तिन्ही ठिकाणी दुरुस्त केलीय. विषय संपला.

दर जुने आहेत, असतील. स्टीलचा दर दर महिन्याला बदलतोय, मी काय रोज बाजारभाव छापायला बसलोय काय? आणि कराराचं म्हणाल तर तो वेगळा विषय आहे, त्यावर कधीतरी लिहीन.

आता रंकाळ्याचं, म्हणजे आमच्या कोल्हापुरातल्या तळ्यावर फिरायला जायचं, बघू.

१९८८ ला आमच्या वडिलांनी शिवाजी पेठेत जुनं कौलारू उतरवून स्लॅबचं घर बांधलं. वडील नोकरीला, सकाळी जायचे ते रात्री यायचे, कॉन्ट्रॅक्टर ओळखीतला, त्यामुळं ते तुमच्यासारखंच म्हणायचे की ज्याचं काम त्यानं करावं. स्लॅब पडला त्या दिवशीसुद्धा ते ड्युटीवर होते. दुपारी जेवायची सुट्टी झाली, अर्धा स्लॅब झालेला तसाच सोडून सगळी मंडळी जेवायला बसली, वर उन्हं, परत येऊन तिथंच पुढचा माल टाकला. मी तेव्हा शाळेत होतो, पायरीवर बसून बघत होतो, मला काय कळतंय. पण पुढची वीसेक वर्षं त्या जोडावरून बरोबर एका रेषेत पाणी गळायचं. पावसाळा लागला की आई माजघरात एक घमेलं आणि दोन पातेली मांडायची, त्याचा आवाज अजून कानात आहे. पुढं सळ्या गंजून फुगल्या, खालचा गिलावा सुटला आणि २०११ च्या पावसात ताटाएवढा तुकडा रिकाम्या कॉटवर पडला. कॉट रिकामी होती म्हणून आज हे लिहितोय. तेव्हा वडील रंकाळ्यावर फिरायला गेले होते, शालिनी पॅलेसपर्यंत, रोजच्यासारखे. आता कळलं का मला ते वाक्य का लागलं?

आणि 'एक घर' म्हणालात म्हणून सांगतो, एक नाही. कळंब्याकडचं माझं स्वतःचं, भावाचं पाचगावातलं, आणि २०१९ च्या महापुरानंतर बहिणीचं दुधाळीतलं दुरुस्त केलं ते तिसरं. धोक्याची पातळी ४३ फूट, त्या वर्षी राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५५ च्या वर गेली होती, तिच्या घरात छातीएवढं पाणी. शेजारच्यांनी गणपती-दिवाळीच्या घाईनं ओल्या भिंतीवर पुट्टी मारून घेतली, सगळ्यांचे पोपडे निघाले. आम्ही पाणी चढलं होतं त्याच्याही वर हातभर गिलावा फोडला, भिंत उघडी ठेवून सुकू दिली, वायरिंग बदललं, मगच पुढचं काम. मी इंजिनिअर नाही हे मी प्रत्येक लेखात लिहितो, साखर कारखान्याच्या हिशेब खात्यात बावीस वर्षं काढलेला माणूस आहे. पण हिशेब खात्यात एक शिकलोय, पोती मोजताना जो समोर असतो त्यालाच खरा आकडा माहीत असतो.

तर उभं राहून काय कळतंय ते ऐका.

पाणी कळतंय. मिक्सरवाला पाइप धरून अंदाजानं पाणी सोडतो, कारण माल पातळ असला की पसरायला सोपा, थापी कमी मारावी लागते, लेबर खूश. सिमेंटच्या वजनाच्या निम्मं पाणी, म्हणजे ०.५ चं प्रमाण धरलं तर ५० किलोच्या पोत्याला पंचवीस लिटर पाणी होतं, आणि वाळू ओली असेल तर त्यातूनही कमी करायचं, कारण वाळूच पाणी घेऊन आलेली असते. जास्तीचं पाणी पुढं उडून जातं, त्याची जागा मोकळी राहते आणि त्याच वाटेनं पावसाचं पाणी आत येतं. हे कळायला डिग्री लागत नाही साहेब, डोळे आणि एक बादली लागते. मी माझ्या स्लॅबला मिक्सरशेजारी बादली घेऊन उभा होतो, एकेक मिक्स माझ्यासमोर मोजून पडलाय, सिमेंट एक, वाळू दोन, खडी चार, म्हणजे मिस्त्री तेव्हा जसं सांगत होता तसं. मिस्त्री म्हणाला पण, "मालक, तुमी खाली बसा की, आमी हाय न्हवं." नाही बसलो.

गॅलरीचं सांगतो. गॅलरी भिंतीच्या बाहेर लोंबत असते, तिथं ताण वरच्या अंगाला येतो म्हणून मुख्य सळ्या वरच्या बाजूला असतात. ड्रॉइंगमध्ये बरोबर असतंय, स्टीलवाला पण आदल्या दिवशी बरोबर बांधून जातो. आणि स्लॅबच्या दिवशी दहा माणसं घमेली घेऊन त्याच सळ्यांवरून नाचतात, सळ्या दबून खाली जातात, वरनं माल पडला की झाकलं सगळं. तुमचा पगारी इंजिनिअर आदल्या दिवशी सही करून गेलेला असतो! मी भावाच्या घराला सळीच्या खुर्च्या (वरच्या सळ्यांना खालनं आधार) वाढवून घेतल्या आणि वर फळ्या टाकून घेतल्या चालायला, दोन तास भांडण झालं त्यावरनं. कव्हर ब्लॉकचं पण तेच, स्लॅबला निदान २० मिलिमीटर कव्हर, म्हणजे सळीखाली काँक्रीटचा थर पाहिजे, ब्लॉक नसले की खडीचा तुकडा सारतात, व्हायब्रेटर लागला की तो निसटतो, सळी फळीला टेकते आणि सेंट्रिंग (खालच्या फळ्या-टेकू) काढल्यावर खालनं सळी दिसते. मग सिमेंट फासून लपवायचं. आमच्या शिवाजी पेठेतल्या घराची हीच कथा.

पाणी मारायचं तर विचारूच नका. पीपीसी (राख मिसळलेल्या) सिमेंटला निदान दहा दिवस ओल पाहिजे, चौदा केलेत तर उत्तम. प्रत्यक्षात काय होतं, सकाळी एक माणूस येऊन पाइपनं शिंपडून जातो, अकरा वाजता स्लॅब कोरडा. वाफे करून पाणी तुंबवायचं असतं, उसाच्या सरीत सोडतो तसं, हे आमच्याकडच्या शेतकऱ्याला सांगावं लागत नाही, कॉन्ट्रॅक्टरला सांगावं लागतं. माझ्या घरी चौदा दिवस मी सकाळी सहाला आणि रात्री नऊला स्वतः स्कूटरनं जाऊन पाणी बघितलंय, बायको म्हणायची तिकडंच झोपा आता. आणि सेंट्रिंग? लवकर काढायची घाई असते कारण दुसरीकडं लावायचं असतं. साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू निदान सात दिवस, त्याच्या पुढं चौदा, बीमचे चौदा ते एकवीस, पीपीसी असेल तर आणखी थांबायचं. पाचव्या दिवशी टेम्पो दारात आला होता भावाच्या. परत पाठवला. कोणी? रंकाळ्यावर असतो तर पाठवला असता काय?

तुम्ही म्हणाल हे सगळं सुपरव्हायझर करतो. करत असेल, तुमच्या साइटवर. मोठ्या स्कीमला परवडतंय ते. बाराशे स्क्वेअर फुटांचं घर बांधणारा माणूस आधीच बँकेच्या हप्त्यात बुडालाय, त्याला तुम्ही म्हणताय इंजिनिअर पगारावर ठेवा. ठेवू नये असं मी कुठं लिहिलंय ते दाखवा. आर.सी.सी. कन्सल्टंटनं स्टील तपासल्याशिवाय माल टाकू नका हे माझ्याच लेखात वरनं चौथ्या ओळीत आहे. पण ते वाचायचं नाही, एक वाक्य धरायचं आणि जोक मारायचा. पाच जणांनी त्याला हसून दाखवलंय, त्यातले दोन माझे नेहमीचे वाचक आहेत, लक्षात ठेवलंय मी.

आता बाथरूम. "तुमच्याच बाथरूमखाली ओल आलीय असं तुम्हीच लिहिलंय, मग उभं राहून काय उपयोग झाला?" हे वाचून मात्र मला हसू आलं, कारण ओल कशानं आली ते तुम्ही वाचलंच नाही. बाथरूमचा खोलगट स्लॅब भरला त्या दिवशी मी नव्हतो, मेव्हण्याच्या मुलीचं लग्न होतं गडहिंग्लजला. संध्याकाळी आलो तर वॉटरप्रूफिंग होऊन वर कोबा पण झालेला. म्हणजे माझाच मुद्दा सिद्ध झाला की नाही? टाइल बसवायच्या आधी दोन-तीन दिवस पाणी भरून ठेवून बघायला पाहिजे होतं असं तुम्ही लिहिलंय, ते ठीक आहे, ते राहिलं. घाई होती, वास्तुशांतीची तारीख धरलेली.

ओल अजून आहे, खोटं कशाला बोलू. खालच्या खोलीत छताला दोनदा पुट्टी मारली, दोन्ही वेळा श्रावणात परत डाग. या उन्हाळ्यात टाइल्स फोडून परत करायचंय. तर तुम्ही खरंच साइटवरचे असाल तर बाथरूमचं वॉटरप्रूफिंग नीट करणारा, वेळेवर येणारा एखादा माणूस कोल्हापुरात माहीत असेल तर कळवा. नाव, गाव टाकून कळवा, आणि रविवारी येईल असा बघा, बाकीचे दिवस मला रजा मिळत नाही आणि तो काम करताना मी तिथं असणार आहे.